दोन दिवस, एक कादंबरी

शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघायचे आणि रविवारी रात्री घरी परतायचे, ही महाराष्ट्रातल्या शहरी नोकरदाराची नेहमीची सुट्टी. मुंबई-ठाण्याची माणसे माथेरान, अलिबाग, मुरूड गाठतात; पुण्याची महाबळेश्वर, दिवेआगर; नाशिकची भंडारदरा; अमरावती-अकोल्याची चिखलदरा. या दोन दिवसांकडून अपेक्षा एकच असते, मन ताजेतवाने व्हावे. ती पुष्कळदा पुरी होत नाही. घाटातली गाड्यांची रांग, पाहायच्या ‘पॉइंट’ची यादी, जेवणासाठी लागलेला नंबर, प्रत्येक ठिकाणी काढायचे फोटो आणि ते लगेच पाठवण्याची घाई यांत शनिवार सरतो. रविवारी दुपारपासून परतीचे वेध लागतात. सोमवारी माणूस कामावर जातो तो शुक्रवारपेक्षा अधिक थकून.

अशा सहलीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे डोक्याला काम देणारी एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे. आणि अशी कादंबरी वाचायलाही आजच्या धावपळीत या दोन दिवसांइतकी चांगली संधी सहसा मिळत नाही. याच्या आड येतो तो एक रूढ समज: सुट्टीत हलकेफुलके वाचावे, जड पुस्तके एरवीसाठी ठेवावीत. हा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. एरवी जड पुस्तक वाचून होत नाही, आणि हलक्या पुस्तकाने मनाला हवी असलेली विश्रांती मिळतेच असे नाही.

विश्रांती म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याचे शरीर फारसे थकत नाही, थकते ते अवधान. आपोआप वेधले जाणारे अवधान वेगळे आणि प्रयत्नाने एका जागी धरून ठेवावे लागणारे वेगळे, हा भेद विल्यम जेम्स याने १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात मांडला होता. त्याच धाग्यावरून रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी दांपत्याने निसर्गाच्या सान्निध्यात मन का सावरते याचा उलगडा केला. त्यांचा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते प्रयत्नपूर्वक लावलेले अवधान वापरून वापरून शिणते आणि ते सावरायला चार गोष्टी लागतात. नेहमीच्या व्यापापासून दूर जाणे ही पहिली. आपल्याला सामावून घेईल एवढे विस्तीर्ण आणि सुसंगत असे दुसरे जग मिळणे ही दुसरी. त्या जगाने मन न ओढताणता गुंतवणे ही तिसरी, आणि आपल्याला जे करावेसे वाटते त्याला त्या जागेने साथ देणे ही चौथी.

कॅप्लन दांपत्य बोलत होते ते प्रामुख्याने झाडे, पाणी, डोंगर यांविषयी. पण दुसरी अट नीट पाहिली तर ती चांगल्या कादंबरीचेच वर्णन वाटते. विस्तार आणि सुसंगती असलेले, आत शिरता येईल असे जग उभे करणे, हेच तर कादंबरीकाराचे काम. वाचक गोष्टीत ‘प्रवास’ करतो आणि परततो तेव्हा थोडा बदललेला असतो, ही कल्पना रिचर्ड गेरिग याने १९९३ साली आपल्या पुस्तकात सविस्तर मांडली, आणि पुढे मानसशास्त्रज्ञांनी तिच्या आधारे बरेच प्रयोग केले. डोंगर पहिली अट पुरी करतो, कादंबरी दुसरी. एकाच दिवसात दोन्ही मिळाली तर मन कामापासून खरोखर सुटते.

हे सुटणे किती महत्त्वाचे, याचाही अभ्यास झाला आहे. जर्मन संशोधक साबिने सोननटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली कामाच्या शिणातून सावरण्याचे चार मार्ग वेगळे करून दाखवले: कामाचा विचार मनातून जाणे, शरीर-मन सैल होणे, आपल्या वेळेवर आपला ताबा असणे, आणि कामाबाहेरचे काही अवघड जमवणे किंवा शिकणे. चौथा मार्ग पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. मन सावरायला त्याला रिकामे ठेवावे लागते असे नाही. त्याला वेगळ्या जातीचे, स्वेच्छेने पत्करलेले कष्ट दिले तरी ते सावरते. हलके पुस्तक या ठिकाणी कमी पडते, कारण ते वाचत असताना मनाचा एक कोपरा मोकळा राहतो आणि त्या कोपऱ्यात कार्यालयातली अर्धवट कामे येऊन बसतात. अवघड कादंबरी तो कोपराही मागून घेते.

सहलीचा परिणाम किती टिकतो, याचे उत्तर मात्र निराशाजनक आहे. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नव्हता. सुट्टी अगदी निवांत गेली असे ज्यांनी सांगितले, तेवढेच थोडा काळ अपवाद ठरले. याचा अर्थ सहल व्यर्थ असा नव्हे. पण लांबच लांब सुट्टीची वाट पाहत वर्ष काढण्यापेक्षा लहान सुट्ट्या अधूनमधून घेणे आणि त्या खऱ्या अर्थाने निवांत घालवणे अधिक शहाणपणाचे, एवढे त्यातून म्हणता येते. सोमवारनंतरही सोबत राहील असे काही हवे असेल तर ते देखाव्यापेक्षा प्रश्नात सापडण्याची शक्यता अधिक, आणि कादंबरी देते तो प्रश्नच.

आता वेळेचा हिशोब. मराठीत दीडशे पानांच्या आतबाहेरच्या पुष्कळ कसदार कादंबऱ्या आहेत. अशा कादंबरीत साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार शब्द धरले आणि सावकाश, मागे वळून वाचणाऱ्याचा वेग मिनिटाला दीडशे शब्द धरला, तर पाच तास लागतात. घरी रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे वाचणाऱ्याला तीच कादंबरी वीस रात्री पुरते, तेही एकही रात्र न चुकता. तिसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचे पात्र आठवावे लागते, दहाव्या रात्री कथेचा सूर हरवलेला असतो, आणि बहुतेक पुस्तके तेराव्या-चौदाव्या रात्रीच्या सुमारास खूण घालून उशाशी पडून राहतात. कथानकाच्या बळावर चालणारे रहस्यमय पुस्तक हे तुकडे सोसते, कारण पुढे काय होणार एवढी एकच ओढ लक्षात ठेवावी लागते. विचाराची कादंबरी सोसत नाही. तिच्यात चाळिसाव्या पानावर कोणीतरी सहज बोललेले वाक्य एकशेतिसाव्या पानावर आठवले नाही, तर त्या पानावर काय घडते आहे हेच कळत नाही. तिला सलग पाच तास हवेत, आणि सहलीत ते शनिवारच्या दुपारी आणि रविवारच्या सकाळी मिळून सहज निघतात.

मराठी कादंबरीचे आणि प्रवासाचे नाते तर तिच्या आरंभापासून आहे. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, आणि ठिकठिकाणी त्यांना भेटतात विधवा: कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरच्यांच्या छळाला कंटाळलेली. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकात त्यांचा प्रचारकाचा हेतू लपत नाही. तरी रचना पाहण्यासारखी आहे. घराबाहेर पडल्याशिवाय यमुनेला दिसले नसते ते प्रवासात दिसते, आणि जे दिसते त्याचा विचार तिला आणि वाचकाला करावाच लागतो. पर्यटनाने विचाराला चालना मिळते, हे गृहीत धरूनच मराठी कादंबरी जन्माला आली.

विश्रांतीचा दिवस मात्र तेव्हा सर्वांना नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची सुट्टी ही त्यांची प्रमुख मागणी होती, आणि १८९० साली गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी पुण्यात हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. एका विधवेच्या तोंडून सांगितलेली ती कथा मराठी समाजाला आतून हलवणारी ठरली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. गिरणीतला कामगार ‘करमणूक’चा वाचक असण्याचा संभव कमीच. पण विसाव्याचा हक्क आणि विचाराची कादंबरी या दोन गोष्टी मराठी मुलखात एकाच वर्षी पुढे सरकल्या, हे नोंद घेण्यासारखे आहे. आणखी एक: ज्या नियतकालिकाने आपले नावच ‘करमणूक’ ठेवले होते, त्याने वाचकाला अस्वस्थ करणारी कादंबरी छापली. करमणूक आणि विचार यांत वैर आहे, असे आपट्यांना वाटले नव्हते.

पुढे सुट्टी आणि वाचन यांची सांगड मराठी माणसाने अधिकच पक्की केली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९ सालचा दिवाळी अंक हा या परंपरेचा आरंभ मानला जातो. वर्षातला सर्वांत मोठा सण आणि कथा-कादंबरी-वैचारिक लेखांचा जाड अंक एकत्र यावेत, हे तेव्हापासून इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वेगळे आहे असे वाटतही नाही. सुट्टीतले वाचन हलकेच असते असे म्हणणाऱ्याने चांगल्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका पाहावी.

कादंबरी विचारप्रवर्तक कशाने होते? तिच्यात विचार मांडलेले असल्याने नव्हे. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’त पात्रे तासन्‌तास तत्त्वचर्चा करतात आणि ती वाचनीय आहे, पण त्यांचीच पत्ररूपातली ‘इंदू काळे व सरला भोळे’ अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे कला आणि नीती यांचा वाद माणसांच्या जगण्यात उतरलेला दिसतो. श्री. व्यं. केतकर यांनी १९३० साली ‘ब्राह्मणकन्या’ लिहिली. ज्ञानकोशाचा हा संपादक सजवून लिहिणारा नव्हता आणि कादंबरी म्हणून ती ठिकठिकाणी ओबडधोबड आहे. पण आपल्या आजीच्या कुळामुळे समाजात जागा न मिळणाऱ्या कालिंदीचे काय व्हावे, या प्रश्नापासून ती वाचकाला सुटू देत नाही. मत देणारे पुस्तक वाचून माणूस हो किंवा नाही म्हणतो आणि मोकळा होतो. कादंबरी त्याला एका माणसाच्या जागी नेऊन उभे करते आणि निर्णय त्याच्यावर टाकते. त्याला तो सहसा घेता येत नाही, म्हणून तो विचार करत राहतो.

दोन दिवसांच्या वाचनासाठी विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ फार योग्य. १९३९ साली आलेली ही त्यांची एकमेव कादंबरी आकाराने लहान आहे आणि तीही एका प्रवासाचीच आहे. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, आणि मुंबईला उतरायचा आहे तो चक्रधर विध्वंस. प्रेमाच्या एका जुन्या अनुभवाने तो कडवट झालेला आहे. हॅर्टा या ज्यू तरुणीची आणि त्याची गाठ पडते. प्रवासाचे दिवस मोजके आहेत. मुंबई आली की चक्रधर उतरणार आणि हॅर्टाला पुढे जावे लागणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. जिचा देश हिरावला गेला तिला हा माणूस काय देऊ शकतो? ज्याला घर आहे त्याची बेघर माणसाशी कितपत बांधिलकी असते? बेडेकर भाष्य करत नाहीत. ते जेवणाचे टेबल दाखवतात, डेकवरच्या खुर्च्या दाखवतात, एका आईचा लहान मुलगा दाखवतात, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीमागे युद्ध उभे असते. ही कादंबरी वीस रात्रींत विभागून वाचणाऱ्याला बोटीवरच्या दिवसांचे आकसत जाणे जाणवणार नाही. दोन दिवसांत वाचणाऱ्याच्या स्वतःच्या मुक्कामाचे तासही त्याच गतीने कमी होत असतात, आणि म्हणून तो ताण त्याला थेट पोचतो.

दुसरी निवड व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’. १९८२ साली आलेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या आहेत, त्यांचे प्रदेश आहेत आणि टोळीवरच्या ताब्यासाठी होणारे झगडे आहेत. नवा नर टोळी जिंकतो तेव्हा आधीच्या नराची पिल्ले मारली जातात, हे वानरांमधले वास्तव जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडच्या जंगलात नोंदवले होते. माडगूळकर ते कथेत आणतात तेव्हा कुठेही माणसाकडे बोट दाखवत नाहीत. राजकारणाचा शब्द न काढता ही कादंबरी सत्तेविषयी जे सांगते ते अनेक राजकीय कादंबऱ्यांना साधलेले नाही. जंगलाच्या कडेच्या मुक्कामात ती वाचली तर फांद्यांवरच्या हालचालींकडे पाहण्याची नजरच बदलते.

ठिकाणाची निवड याच दृष्टीने करावी. माथेरान या बाबतीत भाग्यवान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली ते इंग्रजांच्या नजरेत आणले; नेरळहून वर चढणारी सुमारे एकवीस किलोमीटरची छोटी रेल्वे १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पुरी केली. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना बंदी आहे. पुढे तांबडी धूळ, घोडे, अलीकडे काही ई-रिक्षा, आणि पायी चालणे. मोटारीचा आवाज नसणे ही इथली सर्वांत मोठी सोय, आणि जुन्या बंगल्यांचे रुंद व्हरांडे ही दुसरी. वाचणाऱ्याने शनिवारी सकाळी एखादे टोक चालून यावे, दुपारी व्हरांड्यात बसून निम्मी कादंबरी वाचावी, संध्याकाळी पुस्तक न घेता फिरावे. हे फिरणे वाचनाचाच भाग असतो, कारण दुपारचे वाचन चालताना मनात मुरते. उरलेली निम्मी रविवारी सकाळी. परतीच्या गाडीत नवे पुस्तक उघडू नये.

महाबळेश्वर-पाचगणीच्या मधले भिलार हे वेगळे उदाहरण. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने स्ट्रॉबेरीच्या या गावात ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. तिथे रिचर्ड बूथ याने १९६० च्या दशकापासून जुन्या पुस्तकांची दुकाने वाढवत नेली आणि सारे गावच पुस्तकांचे झाले. फरक असा की हे-ऑन-वायमध्ये पुस्तके विकली जातात, भिलारमध्ये ती वाचायला ठेवली आहेत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, म्हणजे लोकांची घरे, देऊळ, शाळा यांत, कादंबरी, कविता, इतिहास, बालसाहित्य अशी विषयवार मांडणी केली गेली. कोणीही यावे, खुर्ची ओढून वाचत बसावे, पैसे नाहीत. योजना सुंदर आहे. पण महाबळेश्वरच्या वाटेवर अर्धा तास थांबून, भिंतीवरच्या चित्रांपाशी फोटो काढून निघणाऱ्याला तिचा उपयोग होत नाही. अर्ध्या तासात कादंबरीची पहिली दहा-पंधरा पाने होतात आणि पुस्तक तिथेच ठेवावे लागते. गावात मुक्काम केला तरच भिलारचे खरे सुख कळते.

या साऱ्यावर एक आक्षेप येतो. डोंगरावर जाऊन पुस्तकात डोके घालायचे तर घरी काय वाईट होते? घरी वाईट होते ते हे की तिथे दाराची घंटा आहे, पाण्याची वेळ आहे, वाढून ठेवलेली कामे आहेत, आणि पुस्तक हातात असलेला माणूस घरच्यांच्या दृष्टीने मोकळाच असतो. शिवाय पाच तासांचे वाचन वजा केले तरी दोन दिवसांत जागेपणीचे वीस-पंचवीस तास उरतात. ठिकाण पाहायला ते कमी नाहीत.

कादंबरीच्या बाजूने केला जाणारा एक दावा मात्र जपून करावा लागतो. साहित्य वाचल्याने माणूस इतरांचे मन अधिक चांगले ओळखू लागतो, असा निष्कर्ष डेव्हिड किड आणि इमानुएले कास्तानो यांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला आणि त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम दिसला नाही. म्हणून कादंबरी वाचून कोणी रविवारी रात्री अधिक चांगला माणूस होऊन परततो, असे म्हणू नये. ‘रणांगण’ वाचलेल्याला निर्वासितांची बातमी वाचताना हॅर्टा आठवते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते, आणि ते थोडे नाही.

सर्वांत अवघड प्रश्न हा वेळ कोणाला मिळतो हा आहे. कौटुंबिक सहलीत भाड्याचा बंगला घेतला की स्वयंपाकघर सोबत येते. सकाळचे पोहे, मुलांच्या आंघोळी, दुपारचे जेवण, पिशव्या भरणे-उपसणे यांत घरच्या बाईचे दोन्ही दिवस जातात, आणि व्हरांड्यातली खुर्ची बहुधा पुरुषाच्या वाट्याला येते. मराठीतली विचाराची कादंबरी ज्या प्रश्नांनी सुरू झाली ते यमुनेचे आणि तिच्यासारख्या बायकांचे प्रश्न होते. आज कादंबऱ्या वाचणाऱ्यांत बायकाही आहेत. तरी सलग पाच तास सर्वांत कमी मिळतात ते त्यांनाच. यावर उपाय साधे आहेत. बंगल्याऐवजी दोन्ही वेळचे जेवण ताटात वाढून देणारी खानावळ किंवा घरगुती निवास निवडावा. मुलांना फिरवून आणण्याची पाळी ठरवून घ्यावी: शनिवारची दुपार एकाची, रविवारची सकाळ दुसऱ्याची. आणि निघताना पिशवीत एका पुस्तकाच्या दोन प्रती टाकाव्यात, म्हणजे संध्याकाळी फिरताना दोघांनाही त्याच बोटीवरच्या माणसांविषयी भांडता येईल.